दोन चौकोन

रेक्सममधल्या इमारती लाकडाच्या वखारीत
नेटवर्क मी बघतो. रोज फोन :
हे फोल्डर उघडत नाही, ते दिसतच नाही.
शेवटी वैतागून एक साधी खिडकी बनवली,
डावीकडे नावं, उजवीकडे दोन चौकोन,
वाचणे, लिहिणे,
आणि दिली ग्लेनिसच्या ताब्यात.

ग्लेनिस पावत्या फाडते, चहाचे पैसे गोळा करते,
माउस अजून चिमटीत धरते, विंचवासारखा.
म्हणाली, "चुकलं तर?"
म्हटलं, "मी आहे ना."

आठवड्याने यादी तपासायला बसलो.
माझे गट खात्यांप्रमाणे होते.
तिने पाडलेले माणसांप्रमाणे :
कोणाचं कोणाशी बिनसलंय,
कोणाच्या पगाराला कोणाची दृष्ट लागेल,
सगळं त्या चौकोनांत, चकार शब्द न काढता.

एमिर प्रॉसर मार्चमध्ये गेला.
मला पत्ताच नव्हता; माझ्या लेखी तो अजून
गोदामाच्या हिशेबात खाडाखोड करू शकत होता.
तिने त्याचं लिहिणं काढलं होतं.
वाचणं ठेवलं होतं.

मी काही विचारलं नाही.
सहज पगाराचं फोल्डर उघडायला गेलो,
तर परवानगी नाही.
"तुला रे कशाला हवंय ते?"
बिस्किटांचा डबा पुढे सरकवत
ग्लेनिस.