नातं

बोधडीच्या पुढं, रात्री दोनला,
करवत थांबली ती मला बघून नव्हे.
लिंबाजी बुंध्याशी बसलेला, पोटरी धरून.
"घोणस," म्हणाला. "पळणार न्हाई, मॅडम."

पळाला असता तर सोपं होतं.

ओंडक्यावर हातोडा मारायचा राहिला.
गाडीवर मागं तो,
मफलरनं माझ्या कमरेशी बांधलेला.
गोकुंद्यापर्यंत बोलता ठेवला:
पोरी किती, साग किती तोडलास, घेतो कोण?
नाव सांगितलं त्यानं, दातखीळ बसता बसता.
शुद्धीत होता का तेव्हा,
हे कोर्ट विचारील.

सिस्टरनं कागद सरकवला:
सोबत कोण, नातं काय?
माझ्या बोटांना सागपानांचा लाल रंग,
रकाना दीड बोटाचा.

मी बीट नंबर लिहिला.