सर्वांत लांब रात्र, दिवाडी

आज सूर्य टोकाला टेकतो, सुलक्षा म्हणाली,
म्हणून आपण काहीच करायचं नाही.
पिएदादच्या हॉलमध्ये चटया, गुडघ्यांखाली उशा.
माझ्या वाट्याला तांदळाची जुनी गोण, कोंडा भरलेली.
शेजारी रुझारिया,
नाताळच्या गोठ्यासाठी पेरलेली नाचणी
रुजली की नाही या काळजीसकट आडवी.

फेरीबोटीच्या इंजिनाशी काढली एकतीस वर्षं.
कानांत उरलंय ते थोडंच;
मंत्राचे शब्द मला पोचत नाहीत.
सगळ्यांचे ओठ हलतात, मी बघतो
वाशाला टांगलेल्या कागदी नक्षत्राकडे.

मग लादीतून येतं काहीतरी,
गोणीतून, बरगड्यांत.
धक्क्याला लागण्याआधी
वेग उतरवला की बोट अशीच घुमायची:
पाणी अजून हलतंय, आपण थांबलेलो.

एकशे आठ मोजायचे होते.
साठाच्या आसपास झोपलोच.
घोरलो म्हणे. कोणी उठवलं नाही.

बाहेर मांडवीवर धुकं.
शेवटची फेरी चुकलेला कुणी
पलीकडून बॅटरी हलवतोय.
परवापासून दिवस वाढणार म्हणे,
सेकंदा-सेकंदानं.
गुडघा मात्र आत्ताच
जरा वाकतोय.