सूचना, कमाल पाचशे अक्षरे

दिल्लीहून पत्र आलंय:
देशातल्या विज्ञानाला सरकारने आणखी कशी मदत करावी,
सूचना पाठवा, शुक्रवारपर्यंत.
खाली एक चौकट. पाचशे अक्षरांची.

फतेगंजहून आणलेली शेव-उसळ
की-बोर्डाशेजारी निवतेय,
आणि मला काही सुचत नाही
पायगुडेंशिवाय.

गजानन पायगुडे. काचकारागीर, वर्ग तीन.
रसायनशास्त्राच्या इमारतीत, जिन्याखाली,
जिथे आता सायकली आणि जुन्या परिषदांचे फलक ठेवतात,
तिथे बत्तीस वर्षं त्यांची ज्योत होती.
दांडिया बाजारातून चालत यायचे,
हिशेब गुजरातीत, चिडणं मराठीत,
आणि कामाला बसले की दोन्ही बंद.
गालांत हवा.

मी तेव्हा पीएचडीची पोरगी.
नळ्यांचं चित्र घेऊन गेले:
तीन तोंडं, एक फुगा, एक वळण.
त्यांनी जांभळा चष्मा कपाळावर सरकवला.
‘हे वळण कशाला? इथे वायू अडेल.’
आणि खडूने फरशीवर दुसरंच काढलं.
माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय
त्या फरशीवर झाला.
ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे, अकरावं,
झेरॉक्सवाल्याच्या वर.

एकदा घाईघाईत मी गरम नळी
तशीच ओट्यावर ठेवली. दिसायला धड होती.
रात्री साडेअकराला, कुणी हात न लावता,
टण्. दोन तुकडे.
सकाळी ते रागावले नाहीत.
‘ताई, तापवल्याने काच फुटत नाही.
थंड करायची घाई केली की फुटते.’
त्यांची भट्टी रात्रभर उतरायची, अंशाअंशाने,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरून
हात काढून घ्यावा तशी.

ते निवृत्त झाले. पद गोठवण्यात आलं.
हा शब्द माझा नाही, आदेशातला आहे.

मग योजना आली.
पैसे मार्चच्या सव्वीस तारखेला,
एकतीसपर्यंत खर्च करा, नाहीतर परत.
धावलो आम्ही. यंत्र, फीत, नारळ, फोटो.
जूनपासून काही नाही.
दुसऱ्या हप्त्याला पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं,
त्यावर ज्यांची सही, त्यांची बदली भूजला.
रेश्मा मकवाणा, माझी विद्यार्थिनी,
सात महिने शिष्यवृत्ती नाही,
संध्याकाळी अलकापुरीत दहावीच्या शिकवण्या घेते
आणि रात्री नऊला प्रयोगाला येते.
फेब्रुवारीत यंत्राचा शीतसापळा तडकला.
वीतभर काच. नवी परदेशातून,
चौदा आठवडे, रक्कम आगाऊ.

परवा तुकडे रुमालात बांधून
आम्ही दोघी पायगुडेंकडे गेलो.
हात थरथरतात आता त्यांचे.
खिडकीच्या उजेडात धरून
तडा कुठून निघाला ते पाहत राहिले, बराच वेळ.
मग रेश्माला म्हणाले,
‘गाल फुगव बघू.’
तिला थट्टा वाटली. फुगवले.
‘आता नाकाने श्वास घे. गाल तसेच.’
ती हसली, हवा निसटली.
पुन्हा. पुन्हा.
काकूंनी चहा आणून ठेवला,
तो तिला घेता येईना.

चौकट वाट पाहतेय.
मी लिहिते: जिन्याखालच्या सायकली हलवाव्यात.
खोडते.
लिहिते: पद भरावे.
पैसे एप्रिलमध्ये द्यावेत. थोडे, पण दर महिन्याला.
खाली उमटतं: चारशे चाळीस अक्षरे शिल्लक.

शेव पार मऊ पडलीय.