पुट आउट

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत माझा वर्ग भरतो.
खाली लाद्या फुटतात,
वर आम्ही इंग्रजी क्रियापदं फोडतो.
सातजण. चौघांना बोटीवर खलाशी व्हायचंय,
जिथे पगार डॉलरात आणि हुकूम इंग्रजीत.
रोझलीनला नर्स व्हायचंय.
एकजण नुसता पंख्याखाली बसायला येतो, फी मात्र वेळेवर देतो.

आज पुट आउट.
पुट म्हणजे ठेवणे, आउट म्हणजे बाहेर.
इतकं सोपं असतं तर मी उपाशी मेले असते.

आग विझवणे. विडी चुरडणे.
मांजराला रात्री दाराबाहेर घालवणे.
पत्रक काढणे, जसं बंदर खातं काढतं,
वारा वाढेल, दर्यावर जाऊ नये.
रोझलीन म्हणाली, हात पुढे करणे? हो, तेही.
सांधा निखळणे, रापण ओढताना हिच्या मामाचा निखळला तसा.
मन खट्टू होणे.
आणि किनारा सोडणे, होडी पाण्यात लोटणे.
"बाई, ह्यो एक शब्द काय आख्खो बाजार?"

पंधरा वाक्यं दिली मराठीत आणायला.
नववं होतं, होडी तिन्हीसांजेला दर्यावर निघाली.
गौरेश मेतरनं लिहिलं,
तिन्हीसांजेला होडी समुद्रात विझली.

मी लाल पेन उघडलं.
शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणारी पोरं चुकतात,
हे मीच दर सोमवारी सांगते.
मग आठवलं,
परवाच्या नारळी पौर्णिमेला दोन वर्षं होतील.
किल्ल्याच्या पलीकडे मेतरांच्या होडीचा दिवा
साडेसातपर्यंत दिसत होता,
असं दांडीवरचे सगळेच सांगतात.
साडेसातपर्यंत.
पेनाला टोपण लावलं.
त्यानं मुद्दाम लिहिलं का, विचारलं नाही.

मी कऱ्हाडची. सून होऊन मालवणात आले.
जाणते सांगतात, गावाचं नाव महालवण, मिठावरून.
मला मात्र पहिल्या दिवसापासून त्यात मालवणे ऐकू येतं.
दिवा विझव म्हणाले होते त्या रात्री,
सासूबाई ताटावरून उठल्या होत्या.

वीज गेली. मेणबत्तीवर उरलेली सहा वाक्यं झाली.
वीज आली तेव्हा गौरेशची आई जिन्यात उभी,
हातात सुक्या बांगड्यांची टोपली.
सकाळी सुकत घातलेले, उन्हं गेल्यावर उचललेले.
(हाही एक अर्थ. फळ्यावर जागा नव्हती.)
म्हणाली, "बाई, मेणबत्ती पालवा आता, उगाच जळता."

पालवा.
हा शब्द इथे पंचवीस वर्षं ऐकतेय,
नीट ऐकला नव्हता.
आमच्या माहेरी पालवतो तो पिंपळ, चैत्रात.
आणि इंग्रजीत झाडसुद्धा पानं पुट आउट करतं,
यादीत होतं ते, शेवटून दुसरं,
मीच गाळलं होतं.
खलाशांना पानं काय करायची.

पदराचं टोक हलवलं. ज्योत गेली.
वास राहिला थोडा वेळ, मेणाचा आणि बांगड्यांचा.

घरी जाताना वाट किनाऱ्यानं.
मायलेक पुढे, टोपली आता गौरेशच्या डोक्यावर.
मेतरांच्या होडीचा खुंटा वाडीच्या कडेला तसाच आहे,
पांगाऱ्याचा सोट, ओला असतानाच ठोकलेला.
दोराचे वेढे कुणी सोडवले नाहीत.
त्यांच्या वरच्या बाजूला
तीन-तीन पानांचे दोन झुबके.
माझ्या टॉर्चमध्ये दिसले.
ती दोघं न थांबता गेली,
त्यांना ते केव्हाचं माहीत असणार.

परीक्षक मुंबईचा. त्याच्या लेखी नववं वाक्य चूकच.
गौरेशला सोमवारी सांगावं लागेल, निघाली असं लिही.
सांगेन.
वही अजून माझ्याकडेच आहे.