उजवा बूट

तुम्ही त्याची कारकीर्द विचारताय.
मला तिच्यातला फक्त उजवा बूट ठाऊक.

लाँगवुड अव्हेन्यू, ब्राँक्स. बेकरीला लागून
माझ्या बापाचं दुकान. आरी, मेण, सरस, खिळे.
आम्ही अलेप्पोचे आर्मेनियन,
स्पॅनिश शिकलो ती गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून.
एकावन्न साली अनिबाल सान्ताएया आत आला,
मोज्यांवर उभा राहून म्हणाला,
उजव्यालाच तळ लावा. डाव्यापुरते पैसे नाहीत.

बापानं जोड उलटा करून पाहिला.
डावा शाबूत,
उजव्याच्या चवड्याखाली पन्नास सेंटांच्या नाण्याएवढं भोक.
शिलाई मशीन चालवतोस काय रे?
ती आई चालवते, तो म्हणाला.
मी वायब्राफोन वाजवतो.

मला ते त्यानं काउंटरवर बोटांनी वाजवून समजावलं.
सदतीस पट्ट्या. काठी पडली की सूर निघतो,
आणि मग त्याला उठायचं कळत नाही,
जेवण झालेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो.
पाय उचलला की जातो.
"टाळ्या हातांना, मुला.
कुणाला किती थांबू द्यायचं, ते पाय बघतो."

माम्बोचे दिवस आले. दर सहा आठवड्यांनी तळ.
एका नाताळला त्यानं अख्खा बँड दुकानात आणला,
अकरा जोड, सगळे पांढरे.
आत खडूनं नावं मी लिहिली :
चेमा, ओतिलिओ, काँगावाला फेलो, ज्याचे पाय बदकाचे.
पैसे आधी त्यांचे, मग आमचे,
मग त्याचे, उरले तर.
बापाची वही अजून आहे. त्याच्या नावापुढे
साडेसात डॉलर उभे आहेत. राहू देत.

सहासष्टला कंपनीच्या माणसानं सांगितलं,
पोरांना हे नको, इलेक्ट्रिक गिटार घे,
तू पुढे उभा राहून जरा नाच.
त्या वर्षी पहिल्यांदाच
डावा बूट झिजून आला.
बाप काही बोलला नाही. दोन्हींना तळ लावले.
ती रेकॉर्ड मी ऐकलेली नाही.

मग गल्ली जळू लागली. एकेक इमारत, विम्याच्या रकमेसाठी.
त्यानं वाद्य चार मजले खाली आणलं, पट्ट्या उशीच्या अभ्र्यात,
नळ्या खांद्यावर. मोटरीचा पट्टा तेवढा जळाला.
पट्टा नसला की पंखे फिरत नाहीत,
सूर सरळ निघतो, थरथरत नाही,
डॉक्टरनं बातमी सांगावी तसा.
बापानं बुटाच्या कातड्याची एक चिंधी कापली, शिवली, बसवली.
जाड होती. जिथे शिवण होती तिथे
प्रत्येक फेरीला किंचित अडखळायची.

त्या कंपाबद्दल पुढे लोकांनी काय काय लिहिलं!
ओसाकात म्हणे एक म्हातारा तो ऐकून रडला.
तुम्हीही मघाशी म्हणालात, "त्याचा खास, जखमी कंप."
वासराचं कातडं होतं, साहेब. दोन टाके माझे.

शेवटी मधुमेहानं पाय धरला. नेमका तोच.
डावा पाय लावून बघ, मी म्हटलं.
म्हणाला, डावा ऐकत नाही, बहिरा आहे.

मग एका दुपारी मुलगी आली, नेरेइदा.
डब्यात काळे बूट, कोरे, कधी न घातलेले.
उद्या चर्चमध्ये न्यायचे. नुसती पॉलिश करा.
मी पॉलिश केली.
ती पलीकडून कॉफी घेऊन येईपर्यंत
उजव्याचा तळ कानशीनं घासला,
चवड्याखाली, बोटाएवढा.
परका वाटू नये म्हणून.

लिहिणार असाल तर साडेसातचं लिहू नका.
तुमचे बूट मंगळवारी मिळतील.
टाचेवर फार जोर देता तुम्ही.