उलट्या पावलांचा सोमवार

सकाळी साडेआठला मी जिना उतरते
उलटी.
कठडा धरून, पाठ रस्त्याकडे,
तोंड स्वतःच्याच दाराकडे.
सिडको, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
खालच्या घरातला निहार दुधाची पिशवी घेऊन येताना थबकतो :
"काकू, उलटे पाय हडळीचे असतात ना?"
असतात रे बाबा.
बेचाळीस किलोमीटर पळून आलेल्या हडळीचे तर असतातच.

मांड्यांत कुणी ओली वाळू भरून वरून टाके घातलेत.
उजव्या अंगठ्याचं नख जांभळासारखं काळं,
दोन आठवड्यांत गळेल.
त्याला मी नावं ठेवत नाही,
शेवटपर्यंत होतं बिचारं.

पोस्टात काउंटरला बसले ती बसलेच.
खैरनार विचारतात, "शनिवारी कुठं होतात?"
कोल्हापूरला पळाले होते.
"या वयात? कुणाबरोबर?"
कुंदाबरोबर, म्हटलं, आणि सगळे हसले.
मीही हसले, तेव्हा कळलं
पोटातसुद्धा दुखायला जागा असते.

कुंदाबरोबर, हे खरं आहे.
चौतीस किलोमीटरपर्यंत खरं आहे.

शुक्रवारी रात्री महामार्ग स्थानकावरून निघालो
तेव्हा एकाच पिशवीत दोघींचे बूट,
खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, मीठ-साखरेची पुडी,
आणि तिच्या लेकीनं वहीचं पान फाडून लिहिलेलं :
आई, मागं बघू नकोस.
रात्रभर बस हलत होती आणि आम्ही
कोण किती वेळात पळेल याचे हिशेब
खिडकीच्या वाफेवर बोटानं मांडत होतो.

चौतीसला तिची पोटरी आवळली.
ती दुभाजकावर बसली
आणि हातानंच म्हणाली, जा.
मी गेले.
मागं पाहिलं नाही.
ते वाक्य तिच्या लेकीनं तिच्यासाठी लिहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये तिनं मला कडेची जागा दिली,
पाय लांब करता यावेत म्हणून.
पदक मी मळक्या मोज्यांच्या खाली दडवलं,
तरी खड्डा आला की ते वाजायचं.
संगमनेरला मला उतरवेना,
तिनंच चहा आणून दिला, न सांडता.
सिन्नर सुटल्यावर फटीतून थंडी आली,
आपल्याकडची, ओळखीची.
"आलं," ती म्हणाली.
अकरा तासांत तेवढंच.

मंगळवारी गरम पाण्यात खडेमीठ.
रात्री कूस बदलायची तर आधी ठराव करावा लागतो.
बुधवारी मोरीत उठताना नळाला धरलं,
आता नळ गळतोय.
फोन मी केला नाही. तिनंही नाही.

गुरुवारी पहाटे खालून शीळ.
स्कूटर, मफलर, कुंदा.
"फक्त चालायचं," म्हणाली.
सोमेश्वरच्या पुढं बागांतून
द्राक्षांवर मारलेल्या औषधाचा वास येत होता.
ती लंगडत होती. हे मला बसमध्ये दिसलं नव्हतं,
बसमध्ये मी माझेच पाय बघत होते.

नदीकडच्या पायऱ्यांवर मी उलटी, ती सरळ,
एकमेकींच्या शेजारून, तोंडं दोन दिशांना.
आधाराला तिचा उजवा हात, माझाही उजवाच.
"पुढं कसं होतं गं?" तिनं विचारलं.
"कुठं?"
"चौतीसच्या पुढं."

मग मी सांगत गेले.
एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते,
संत्र्याच्या फोडींना मीठ लावून देत होते.
मग उसाची गाडी आडवी आली.
मग एक पूल, त्यावर मी रडले, कशासाठी ते माहीत नाही.
मग बराच वेळ काहीच नव्हतं,
नुसता डांबर आणि कुणाचा तरी पिवळा शर्ट.
ती मध्येच थांबवायची :
पूल चढाचा होता का? ऊन कुठल्या बाजूनं?
आठ किलोमीटर तिनं माझ्याकडून
मोजून घेतले.

"आणि शेवटी?"
"शेवटी केळं दिलं."
"बरं होतं?"
"कच्चं होतं."

ती काही बोलली नाही.
आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर
हसली.