पान सत्त्याऐंशी

ग्रंथालयातल्या आमच्या प्रतीत
पान सत्त्याऐंशीवर चहाचे सात डाग आहेत.
एक सूपचा. एक, वासावरून, व्हिस्कीचा.
तिथं विधवा कोळीण
बंदराच्या अधिकाऱ्याला
चौथ्यांदा लग्नाचं विचारते.
तो घड्याळ बघतो. म्हणतो,
‘सहा दहाला ओहोटी आहे.’
आणि मग ग्रिझेलनं
एक ओळ कोरी सोडलीय.

अख्ख्या इन्व्हरकॅरीच्या तोंडातला घोट
त्या कोऱ्या ओळीशी येऊन सांडला.
पुढे लाखो प्रती खपल्या;
त्यांवरचे डाग कोण मोजणार.

सिनेमावाले ऑक्टोबरात आले. गोष्ट जुलैची.
स्कॉटलंडच्या या टोकाला
जुलैसुद्धा जेमतेमच जुलै असतो.
आम्हाला अर्ध्या बाह्यांत धक्क्यावर उभं केलं,
हातातल्या कोनात कुस्करलेला बटाटा,
कारण आईस्क्रीम म्हणे दिव्यांखाली टिकत नाही.
म्यूरच्या पोरानं तो सहा वेळा पाडला,
सांगितला तसा,
सहाही वेळा नव्यानं हळहळत.

पेपरांनी वाभाडे काढले.
एकानं एक तारा दिला, तोही समुद्राला.
दुसऱ्यानं लिहिलं, या उन्हाळ्यात
माणसांच्या तोंडातून वाफ निघते.
खरंय. ती वाफ माझी.

कोरी ओळ त्यांनी भरून टाकली होती:
ट्रंपेट, सीगल, सीगलच्या चोचीत टोप,
टोपामागे धावणारा पाद्री.
तिथं कुणीच हसलं नाही.
पण ‘ती बघ आपली मासळीची व्हॅन!’
‘अगं, पाठमोरी मोराग!’
यातच थिएटर इतकं खिदळत होतं
की संवाद ऐकू आले नाहीत,
आणि बरंच झालं.

ग्रिझेल शेवटच्या रांगेत.
त्या पैशांतून तिनं छप्पर घातलंय, लपवत नाही.
दिवे लागल्यावर एवढंच म्हणाली,
‘बटाट्यानं काम चांगलं केलं.’

सोमवारी रूरी म्यूर आला, वय वर्षं नऊ.
‘मी कुठल्या पानावर आहे?’
म्हटलं, पुस्तक तुझ्या जन्माआधीचं रे.
पटलं नाही.
ओळींखाली बोट सरकवत, नाक ओढत,
दुपारभर स्वतःला शोधत राहिला.
सत्त्याऐंशीवर थांबला.
मान वर न करता म्हणाला,
‘इथं जागा आहे.’

मी घड्याळ बघितलं.
म्हटलं, सहाला बंद होतं आपलं.